शशीताईंच्या यादीतला पहिला नंबर

शशीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. फोन त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा. ती बंगलोरला असते, पण त्या आठवड्यात इकडेच आली होती. "मावशी, आई नाही राहिली," एवढं बोलून ती हिंदीत रडायला लागली. हो, हिंदीतच. आमच्या जबलपूरची मुलं मराठीत जेवतात आणि हिंदीत रडतात. मी "आले, आले" म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते, पण ते सोडून बाकीचं सांगितलं तर या लेखाला काही अर्थ नाही. मला रडू आलं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तो कागद आता कुणाच्या हातात पडणार?

तीस वर्षांची मैत्रीण गेली आणि मी कागदाचा विचार करत होते… भीती माणसाला इतकं हलकं करते.

शशीताई चेरीतालला राहायच्या. शाळेत शिक्षिका होत्या, मराठीही शिकवायच्या. त्या रिटायर झाल्या आणि मराठीचा वर्गही बंद झाला, कारण मुलंच उरली नव्हती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. उंच, सडसडीत, आणि जिभेला हाड नाही. मी टायपिस्ट, सरकारी ऑफिसात आयुष्य हिंदी पत्रं बडवण्यात गेलं, म्हणून त्या मला "आमची बडवी" म्हणायच्या. त्यांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. नऊ वर्षं लिहिली. कॉम्प्युटरवर उतरवली मी, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक 'ळ'चा 'ल' केला म्हणून रोज शिव्या खाल्ल्या.

आमची कामाची एक रीत होती. हिवाळ्यात जबलपूरला मटाराला तोटा नाही. दुपारी जेवणं झाली की त्यांच्या पुढच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात आम्ही बसायचो. त्या नवं प्रकरण मोठ्याने वाचायच्या, मी मटार सोलायची. मत विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "तुझ्या मताचं काय करू? तू मैत्रीण आहेस, चांगलंच म्हणशील. मी तुझे हात बघते." वाचता वाचता माझा हात थांबला की त्या ओळीसमोर पेन्सिलने बारीक फुली मारायच्या. फुली असलेली ओळ राहायची. ज्या पानावर एकही फुली नाही ते पान दुसऱ्या दिवशी फाडलेलं असायचं. त्यांच्या हस्तलिखितात अशा शेकडो फुल्या आहेत.

अकराव्या प्रकरणात एकही नाही. तरी त्याची पानं त्यांनी फाडली नाहीत. का, ते सांगायला मला खमरियाच्या क्वार्टरपर्यंत मागे जावं लागेल.

आमचे हे फॅक्टरीत होते. बावीस वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे असायच्या. त्यांचं डोकं हळूहळू चालेनासं झालं होतं. कुठेही निघून जायच्या, गॅस उघडा टाकायच्या. दिवसभर त्यांच्याजवळ एक बाई ठेवली होती. ती मुलीच्या लग्नाला पंधरा दिवस गावी गेली. हे म्हणाले, आईला नागपूरला ताईकडे सोडून येतो. त्यावरून आधी एकदा नणंदेशी भांडण होऊन बसलं होतं, म्हणून मी ऐटीत सांगितलं, काही गरज नाही, मी सुट्टी घेतली आहे. अर्ज दिला होता, मंजूर झाला नव्हता. झालाच नाही. साहेबांनी तोंडावर नाही म्हटलं आणि घरी येऊन ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. हे सकाळी सहाच्या बसने जायचे, सातला परत यायचे. मी साडेनऊला सासूबाईंना जेवू घालायची, गॅसची नळी काढून ठेवायची, बाहेरून कडी, वर कुलूप. साडेपाचला परत. अकरा दिवस काही झालं नाही.

बाराव्या दिवशी मी कुलूप काढलं, कडी सरकवली, आणि दार उघडेना. आतून काहीतरी जड टेकलं होतं. मी खांद्याने ढकललं… सासूबाई दाराशीच पडल्या होत्या. उजव्या हातात पंजावर चप्पल चढवलेली. तिने दार वाजवत होत्या. पायाने वाजवता येत नाही, हात दुखतो, म्हणून हातात चप्पल. एवढी अक्कल त्यांना त्या दिवशी होती.

यांना मी सांगितलं, आत्ता दूध आणायला गेले तेवढ्यात झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती चप्पल यांनी स्वतः काढली आणि मला विचारलं, "आईच्या हातात चप्पल काहून?" मी म्हटलं, आजकाल उलटंच करायच्या, पायातलं हातात. हे त्यावर रडता रडता हसले. आणि तेव्हापासून बावीस वर्षं, दर श्राद्धाला, जेवणाच्या पंगतीत हे ती गोष्ट सांगतात. आई शेवटी लहान लेकरासारखी झाली होती, चप्पल हातात घालायची. सगळे हसतात, डोळे पुसतात. मी वाढत असते. माझं खोटं यांच्या आईची सगळ्यात गोड आठवण होऊन बसलं, ते आता यांच्याकडून काढून कसं घ्यायचं?

हे मी जगात फक्त शशीताईंना सांगितलं. तेही ठरवून नाही. त्यांचे यजमान गेले, अस्थी विसर्जनाला आम्ही नर्मदेवर तिलवाऱ्याला गेलो होतो. परत येताना पुलाजवळ गाडी थांबली होती तेव्हा त्या म्हणाल्या की ते गेले तेव्हा मी जवळ नव्हते, दवाखान्यातून अंघोळीला घरी आले होते, मी त्यांना एकटं मरू दिलं. त्यांचं ते रडणं मला बघवेना. तुमचं काहीच नाही असं पटवायला म्हणून मी माझं सांगितलं. त्या ऐकतच राहिल्या. रडायच्या थांबल्या. चेरीताल येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी विचारलं, "वसू, मी हे लिहू?" मी म्हटलं, लिहा की. मला काय ठाऊक त्या खरंच लिहितील! लोक सांगतात, पुस्तक लिहिणार, पापडाचं मशीन टाकणार, घर बांधणार. शशीताईंनी लिहिलं. त्यांनी सासूचा म्हातारा बाप केला, सुनेचा मुलगा केला, गाव दुसरंच घेतलं. कडी तशीच ठेवली. चप्पलही ठेवली. अकरावं प्रकरण त्यांनी वाचलं त्या दुपारी माझे हात थांबलेच नाहीत, इतक्या वेगाने मी सोलत सुटले की शेवटी बघते तर दाणे सालीच्या ढिगात आणि साली पातेल्यात. शशीताईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "आज फुली कुठे मारू?" मी पातेल्यातून साली वेचायला लागले. त्या उठून चहा टाकायला गेल्या.

पुस्तकाची मला तरी इतकी भीती नव्हती. जबलपुरात मराठी कादंबरी वाचतो कोण? हे पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, पण कादंबरीला कधी हात लावलेला मी पाहिला नाही. भीती होती ती पुस्तकाच्या पुढच्या दोन पानांची. आमच्याकडे पुस्तकाचं प्रकाशन असलं की मराठी मंडळाचे अध्यक्ष स्टेजवरून ऋणनिर्देश मोठ्याने वाचतात. ज्याचं नाव आलं त्याने जागेवर उठून नमस्कार करायचा, बाकीच्यांनी टाळ्या. कादंबरी कुणी वाचत नाही, ऋणनिर्देश सगळे ऐकतात. एका गृहस्थांच्या पुस्तकात साडूचं नाव राहिलं तर दोन घरांचं जाणं-येणं तुटलं. आमच्या यांना माझ्या टायपिंगचा भारी अभिमान. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आमच्या हिचं नाव येणार. आणि मला सांगितलेलं, "नाव येऊ दे, मग पूर्ण पुस्तक वाचतो. एक पान नाही सोडत." हे वाक्य ऐकलं की मी विषय बदलायची.

म्हणून मी शशीताईंना विनवलं, माझं नाव घालू नका. टायपिस्ट म्हणूनही नको. त्या म्हणाल्या, "तुझ्याशिवाय ही चोरी होते, वसू." मी म्हटलं, होऊ द्या. त्यावर त्या चिडल्या, म्हणाल्या, शाळेत मी कॉपी करणाऱ्या पोरींचे पेपर फाडले आणि म्हातारपणी मी कॉपी करू? मग दोन दिवस फोन नाही. मग त्यांचाच फोन, की डब्यात लोणचं राहिलंय तुझं, घेऊन जा.

तीनशे पानं लिहिताना झाली नव्हती तेवढी त्यांची दमछाक या दोन पानांनी केली. प्रकाशकांनी सांगितलं होतं, एक छोटं मनोगत आणि ऋणनिर्देश पाठवा, बाकी सगळं तयार आहे. मनोगतात त्यांनी लिहिलं की यातील पात्रे आणि प्रसंग काल्पनिक आहेत. खोडलं. सत्य घटनेवर आधारित, लिहिलं. माझं तोंड बघून तेही खोडलं. मला म्हणायच्या, पहिलं वाक्य खोटं आहे आणि दुसरं तुला मारून टाकेल, तिसरं वाक्य मला येत नाही. ऋणनिर्देश त्या लग्नाच्या आमंत्रणांसारखा करायच्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर यादी, मान बघून नंबर. शाळेतले सहकारी, ग्रंथालयातले काका, डोळ्यांचे डॉक्टर, पल्लवी. प्रत्येक यादी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आणि प्रत्येक यादीत पहिला नंबर रिकामा. मी समजायची की ती जागा माझ्यासाठी आहे, आणि मुद्दाम तिकडे बघायची नाही.

शेवटची भेट त्या जायच्या आठ दिवस आधीची. खोकला होता, आवाज बसला होता. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात ते पान संपवून टाकते. मी विचारलं, माझं नाव? त्या हसल्या. म्हणाल्या, "काहून एवढी घाबरून राहिली? तू दार उघडलंस म्हणून हे पुस्तक झालं. उघडणाऱ्याला मी लपवू कशी?" मी तशीच निघाले. नीट निरोपही घेतला नाही. जिन्यात मनात काय आलं ते लिहून टाकते, म्हणजे सुटेन… मनात आलं, ही बाई ते पान लिहायच्या आधी आजारी पडली तर बरं. पुढच्या आठवड्यात त्या दुपारच्या झोपेतून उठल्याच नाहीत, अशी बातमी मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. पल्लवी रात्रभर कुणाला कळवायच्या अवस्थेतच नव्हती. मी काही केलं नव्हतं, ते मला कळतं. तरी अजून कुठलाही जिना मी कठडा धरून उतरते.

तेराव्यानंतर पल्लवी तो डबा घेऊन माझ्याकडे आली. कागद कुणाच्या हातात पडणार म्हणून मी मरत होते, तो माझ्याच हातात आला. "मावशी, आईचं लिहिलेलं मला पढता नाही येत," ती म्हणाली. प्रकाशकांचा फोन आला होता, पुढची दोन पानं कोणीतरी पूर्ण करून द्या. "तुम्हीच करा ना. आईचं सगळं तुम्हालाच माहीत आहे." मी डबा मांडीवर घेऊन बसले. पोरगी किती विश्वासाने बघत होती! तिला काय ठाऊक, त्या क्षणी मी गॅसकडे बघत होते.

जाळलं नाही. चौदा पत्रिका निघाल्या. शेवटच्या पत्रिकेत यादी अशी की पहिला नंबर कोरा, आणि दोन नंबरवर माझं पूर्ण नाव, पुढे कंसात 'वसूची परवानगी घेऊन'. म्हणजे त्यांनी माझं नाव रिकाम्या जागी घातलंच नव्हतं. आणि परवानगीशिवाय छापायचा त्यांचा विचारही नव्हता. मी जिन्यात जे मनात आणलं ते या बाईबद्दल आणलं. तेव्हा मला रडू आलं. तीन आठवड्यांनी आलं, पण आलं.

आता सगळं माझ्या हातात होतं. नाव खोडलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. हे थोडे नाराज झाले असते, बस. मी दोन दिवस कॉम्प्युटर उघडायची, बंद करायची. यांनी विचारलं, "काय करून राहिली? दोन पानं लिहायला इतका वेळ?" आणि मला एकदम कळलं की सासूबाईंना मी बारा दिवस कोंडलं, आणि यांना बावीस वर्षं.

गुरुवारी दुपारी मी यांच्यासमोर मटाराची टोपली ठेवली. म्हटलं, सोला, मी काहीतरी वाचते. अकरावं प्रकरण काढलं. दुसऱ्या परिच्छेदाला मी अडखळले. हे म्हणाले, चलो, पाणी पी, मग वाच. मी वाचत गेले. म्हातारा, खोली, कडी. हे सोलत होते. मग तो म्हातारा वाकून पायातली चप्पल काढतो आणि हातात घालतो, ती ओळ आली. यांचा हात थांबला.

मी पुढे वाचू शकले नाही. मान खाली घालूनच सांगितलं की मी सुट्टी घेतली नव्हती. दूध आणायला गेले नव्हते. रोज कुलूप लावत होते. यांनी हातातली शेंग टोपलीत परत ठेवली, उठले, आणि अंगणात जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाठ. मी त्या पाठीकडे बघत बसले. इतकी भीती मला त्या दिवशी दार ढकलतानाही वाटली नव्हती.

चार दिवस हे बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे. मी औषधाची गोळी ठेवली की घ्यायचे. रागावले असते, ओरडले असते तर बरं होतं, निदान कळलं असतं किती ते. शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली तरी मी दारात जाऊन बघायची. हे नागपूरला निघून जातील, नणंदेला सांगतील, मुलांना फोन करतील… सगळं मनात होऊन गेलं.

सोमवारी जेवण झाल्यावर यांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला. "ते पान दे." मी ऋणनिर्देशाचं पान दिलं. दोन नंबरवर माझं नाव छापायच्या अक्षरात होतं. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली, शाळेतलं मूल वाचतं तसं. मग बोट परत वर नेलं.

"एक नंबर कोरा काहून आहे?"

मी म्हटलं, शशीताईंनीच ठेवला होता, कुणासाठी ते कळलं नाही.

"यात आईचं नाव नाही," हे म्हणाले.

नऊ वर्षं… नऊ वर्षं ते पुस्तक आमच्या हातात होतं, आणि शशीताई आणि मी भांडलो ते माझ्या नावावरून. घालू, नको घालू. जी बाई दाराच्या आत होती तिचं नाव आम्हा दोघींपैकी एकीच्याही तोंडून निघालं नाही. शशीताईंच्या मनात बहुतेक असावं, म्हणून ती जागा त्या कोरी ठेवत गेल्या, आणि माझ्या सासूचं नाव मला कधी विचारू शकल्या नाहीत, कारण तो विषय निघाला की मी उठून जायची. मी डब्यातून शेवटची पत्रिका काढली. हे सांगत गेले, मी एक नंबरवर लिहिलं. यमुनाबाई. वडिलांचं गाव, माहेरचं आडनाव, सगळं सांगितलं. माहेरचं आडनाव मला आजवर माहीत नव्हतं.

पान प्रकाशकांकडे गेलं. मनोगतात मी शशीताईंची दोन्ही खोडलेली वाक्यं घातली नाहीत. एवढंच लिहिलं की हे पुस्तक ज्या घरातून आलं त्या घराला विचारून छापलं आहे. हा लेखही यांना वाचून दाखवला. म्हणाले, पाठव. मग थांबून म्हणाले, चप्पल डाव्या नाही, उजव्याच हातात होती, बरोबर लिहिलंस.

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. काल दुपारी बाजारातून शेवटचे मटार आणले, जून झालेले, सुरकुतलेल्या शेंगांचे. टोपली यांनी स्वतःकडे ओढली. चार-पाच शेंगा सोलल्या. मग खाली बघतच म्हणाले, "तिने किती वेळ वाजवलं असेल?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. पुस्तकातही नाही. शशीताईंनी मला हेच विचारलं होतं, आणि मला सांगता आलं नाही म्हणून त्यांनी तिथे घड्याळच ठेवलं नाही.

हे एक शेंग सोलत राहिले. मग म्हणाले, "पुढचं वाच."

मी बारावं प्रकरण उघडलं. शशीताईंची पेन्सिल डब्यात पत्रिकांच्या खाली होती, अर्धी उरलेली, मागच्या टोकाला त्यांच्या दातांच्या खुणा. ती काढून पानाशेजारी ठेवली. वाचता वाचता दर ओळीला मी यांच्या हातांकडे बघत होते.